ध्रुवीय समुद्रातील वनस्पतिप्लवक आणि कार्बनचे कण: मॉडेल जुळत नसेल तर आधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण महासागरात, हिवाळ्यात बर्फाखाली जाणाऱ्या एका ठिकाणासाठी प्रश्नकर्त्याने उभ्या दिशेचे एकमितीय मॉडेल तयार केले आहे. त्यात एक वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल), एक प्राणिप्लवक (ते खाणारे लहान प्राणी), नायट्रेट आणि मृत कण असे चार घटक आहेत. सुरुवातीला वसंतातला बहर, म्हणजे वनस्पतिप्लवकाची झपाट्याने होणारी वाढ, प्रत्यक्षापेक्षा बराच लवकर येत होता, म्हणून त्यांनी वाढीचा कमाल दर खाली आणला. आता पृष्ठभागावरचे हरितद्रव्य उपग्रहाच्या मासिक सरासरीशी चांगले जुळते. मात्र जहाजावरच्या नमुन्यांत मोजलेल्या कणरूप सेंद्रिय कार्बनच्या तुलनेत मॉडेलचा कार्बन जेमतेम निम्मा भरतो, आणि 500 मीटर खोलीवर बुडणारे कण गोळा करणाऱ्या सापळ्यात बहरानंतर साधारण तीन आठवड्यांनी कणांची जी लाट दिसते, ती मॉडेलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. अशा वेळी वाढीचा दर पुन्हा वाढवावा की कणांच्या बुडण्याचा वेग वाढवावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की तूर्त दोन्हीला हात लावू नये. तुम्ही वर्णन केलेली तिन्ही लक्षणे एकमेकांशी जोडलेली आहेत आणि त्यांचे मूळ बहुधा त्या दोन पॅरामीटरमध्ये नाही. बर्फाखालचा प्रकाश, हरितद्रव्याचे कार्बनशी असलेले प्रमाण आणि ‘कणरूप कार्बन’ या शब्दाची व्याख्या या तीन ठिकाणी चूक राहिली की ती वाढीच्या दरात दडपता येते, आणि ती तशी दडपली गेली की पुढचे सगळे आकडे दिसायला नीटनेटके पण आतून चुकीचे होतात.

व्याख्येपासून सुरुवात करतो, कारण तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. जहाजावर कणरूप सेंद्रिय कार्बन म्हणजे काचतंतूंच्या गाळणीवर जे अडकते ते. या गाळणीच्या छिद्रांचा आकार साधारण 0.7 मायक्रोमीटर धरला जातो. गाळणी आधी सुमारे 450 अंश सेल्सिअसला भाजून घेतात, पाणी गाळल्यावर ती आम्लाच्या वाफेत ठेवून कार्बोनेट काढून टाकतात आणि मग ती जाळून निघालेला कार्बन मोजतात. बहरात अर्धा लिटर पाण्यातच गाळणीवर दाट तपकिरी-पिवळा डाग बसतो. हिवाळ्याच्या शेवटी मात्र कित्येक लिटर गाळूनही ती जवळजवळ पांढरीच राहते. या दुसऱ्या प्रसंगात काळजी घ्यावी लागते, कारण काचतंतूंना पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय कार्बनही चिकटतो, आणि गाळलेले पाणी कमी असेल तर हा चिकटलेला भाग एकूण आकड्यात मोठा वाटा घेतो. त्यामुळे तुमच्या नमुन्यांतून कोऱ्या गाळणीचे मोजमाप वजा केले आहे का, आणि ती कोरी गाळणी नुसती भाजलेली होती की समुद्राचे गाळलेले पाणी तिच्यातून जाऊ दिले होते, हे मोजणाऱ्यांना विचारा. कमी कार्बनच्या पाण्यात निष्कर्ष बदलण्याइतका फरक यातून पडू शकतो.

याच गाळणीवर जिवंत वनस्पतिप्लवकाबरोबर मृत कण, काही जिवाणू, सूक्ष्म प्राणिप्लवक आणि विष्ठेचे तुकडेही बसतात. बहराच्या भरात वनस्पतिप्लवकाचा वाटा अर्ध्याहून अधिक असू शकतो, पण बहर ओसरल्यावर तो झपाट्याने घटतो. म्हणून मॉडेलमधल्या फक्त वनस्पतिप्लवकाच्या कार्बनची बाटलीतल्या कार्बनशी तुलना करणे चुकीचे आहे. वनस्पतिप्लवक, मृत कण आणि प्राणिप्लवकाचा सूक्ष्म भाग यांची बेरीज करून ती तुलनेला घ्यावी. तुमच्या वर्णनावरून ही बेरीज केली आहे की नाही हे स्पष्ट होत नाही. केली नसेल, तर कदाचित निम्मी तफावत इथेच मिटेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिवाळ्यातही समुद्रात हळूहळू कुजणाऱ्या कणांची एक पार्श्वभूमी टिकून असते, तर साध्या मॉडेलमध्ये कणांचा साठा जुलै-ऑगस्टपर्यंत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, शून्याला टेकतो. एकाच वेगाने कुजणारा एकच मृत घटक ठेवला की असे होणारच.

आता हरितद्रव्याकडे वळू. तुम्ही ज्या आकड्याशी मॉडेल जुळवले आहे, तोच मुळात कमी असण्याची दाट शक्यता आहे. उपग्रह पाण्यातून परत येणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्याचा अंदाज काढतो, आणि त्यासाठीची प्रमाणित सूत्रे प्रामुख्याने इतर महासागरांतल्या मोजमापांवर बेतलेली आहेत. दक्षिण महासागरातल्या पेशींत हरितद्रव्य दाटीने भरलेले असते आणि दाटीत असलेल्या रंगद्रव्याची प्रकाश शोषण्याची क्षमता दर मिलिग्रॅममागे घटते. त्यामुळे त्याच हरितद्रव्याला पाणी अपेक्षेपेक्षा निळे दिसते आणि प्रमाणित सूत्र प्रत्यक्षाहून कमी, जागोजागी निम्म्यापर्यंत कमी, आकडा देते. तुम्ही मॉडेल या आकड्यावर बसवले असेल, तर कार्बन निम्मा भरणे हे त्याचे सरळ फलित आहे. शक्य असेल तर तुमच्या भागातल्या बाटल्यांतले हरितद्रव्य वापरा, नाहीतर दक्षिण महासागरासाठी नव्याने बसवलेले सूत्र तरी घ्या.

दुसरा प्रश्न कार्बन आणि हरितद्रव्य यांच्या गुणोत्तराचा. अनेक साध्या मॉडेलमध्ये हे गुणोत्तर वर्षभर स्थिर धरलेले असते आणि ध्रुवीय समुद्रात हे गृहीतक सर्वांत आधी मोडते. मंद प्रकाशात पेशी हरितद्रव्य वाढवतात, म्हणून बर्फाच्या कडेला वसंतात हे गुणोत्तर वजनाने 30 च्या आसपास असू शकते. उन्हाळ्यात पृष्ठभागाजवळ, भरपूर प्रकाश आणि लोहाची टंचाई अशा स्थितीत, ते 100 च्याही पुढे जाते. म्हणजे एक मिलिग्रॅम हरितद्रव्यामागे 30 मिलिग्रॅम कार्बन आहे की 100, हे ऋतूवर आणि खोलीवर अवलंबून आहे, आणि ही तफावत तुमच्या संपूर्ण त्रुटीपेक्षा मोठी आहे. थंडीचा परिणाम इथे थोडा अनपेक्षित आहे. कमी तापमानात कार्बन बांधण्याचा कमाल दर घटतो, पण मंद प्रकाशातली प्रकाश टिपण्याची क्षमता तितकीशी घटत नाही. त्यामुळे तितक्याच प्रकाशाला थंड पाण्यातली पेशी ‘जास्त उजेडात’ असल्यासारखी वागते आणि हरितद्रव्य कमी ठेवते. गायडर आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मांडलेल्या समीकरणांत हे सगळे येते. हरितद्रव्याला कार्बनपासून वेगळा चल म्हणून सोडवण्यासाठी एकच समीकरण वाढते आणि संगणनाचा भार नगण्य असतो. तुमच्या मॉडेलमध्ये मी करेन असा पहिला रचनात्मक बदल हाच.

उपग्रहावरून थेट कणरूप कार्बन देणारे उत्पादनही उपलब्ध आहे आणि त्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे रूढ सूत्र 443 आणि 555 नॅनोमीटरच्या परावर्तनाच्या गुणोत्तरावरच उभे आहे, आणि ते आग्नेय प्रशांत व पूर्व अटलांटिकमधल्या मोजमापांवरून काढलेले आहे. हरितद्रव्याचा अंदाजही निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावरूनच येतो. तेव्हा दोन्ही आकड्यांशी मॉडेल जुळले म्हणून दोन स्वतंत्र पुरावे मिळाले असे मानू नये.

बहर लवकर येण्याचे कारण माझ्या मते प्रकाशाच्या हिशेबात आहे आणि या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. बर्फावरचा ताजा हिम सूर्यप्रकाशाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो, उघडा बर्फ निम्म्याहून जास्त, तर मोकळे पाणी जेमतेम 6-7 टक्के. मॉडेल ज्या क्षेत्रासाठी चालते त्या ग्रिडच्या एकाच चौकटीत हे सगळे शेजारी-शेजारी असते. बहुतेक जण चौकटीतल्या प्रकाशाची सरासरी काढून ती प्रकाशसंश्लेषणाच्या सूत्रात घालतात. हे सूत्र वक्र आहे, म्हणजे प्रकाश एका मर्यादेपुढे गेला की उत्पादन वाढत नाही. म्हणून आधी सरासरी आणि मग सूत्र हा क्रम नेहमी जास्तीचे उत्पादन देतो.

उदाहरण घ्या. निम्मी चौकट मोकळी आहे आणि तिथे 200 एकक प्रकाश आहे. निम्मी बर्फाखाली आहे आणि तिथे 2 एकक. संपृक्ततेचा प्रकाश (ज्याच्या आसपास उत्पादनाची वाढ मंदावू लागते तो) 50 एकक धरा आणि उत्पादनासाठी साधे घातांकी सूत्र वापरा. सरासरी प्रकाश 101 एकक येतो आणि उत्पादन कमाल दराच्या 87 टक्के निघते. दोन्ही भागांसाठी वेगळे सूत्र वापरले तर मोकळ्या पाण्यात 98 टक्के आणि बर्फाखाली 4 टक्के, म्हणजे सरासरी 51 टक्के. त्याच पाण्याला, त्याच पेशींना, केवळ गणिताच्या क्रमामुळे 70 टक्के जास्त उत्पादन मिळाले, आणि तेही नेमके बर्फ फुटत असताना, म्हणजे बहराची तारीख ठरण्याच्या काळात. वाढीचा दर खाली आणून तुम्ही ही चूक वसंतापुरती झाकली, पण त्याची किंमत उन्हाळ्याने मोजली, कारण तिथे बर्फच नसल्यामुळे दर कमी करण्याचे काही कारण नव्हते. म्हणून बर्फाच्या जाडीचे वर्ग करून प्रत्येक वर्गाखाली प्रकाशसंश्लेषण वेगळे काढा आणि मग क्षेत्रफळाप्रमाणे सरासरी घ्या. एकमितीय मॉडेलमध्ये हे एका दिवसाचे काम आहे. बर्फावरच्या हिमाची जाडीही विसरू नका. प्रकाश अडवण्यात काही सेंटिमीटर हिम कित्येकदा बऱ्याच जाड बर्फाला भारी पडतो.

हे झाल्यावर वाढीचा कमाल दर पुन्हा प्रकाशित मूल्यावर न्यावा. एप्ली यांनी 1972 मध्ये दिलेल्या वक्रानुसार 0 अंशाला पेशींची संख्या दिवसाला जास्तीत जास्त 0.85 वेळा दुप्पट होते, आणि तापमान 10 अंशांनी वाढले की हा दर 1.88 पट होतो. दक्षिण महासागरात मात्र लोहाशिवाय हिशेब पूर्ण होत नाही. ध्रुवीय आघाडीच्या (अंटार्क्टिकाभोवतीचे थंड पाणी आणि उत्तरेचे कमी थंड पाणी यांच्या सीमेच्या) दक्षिणेला भर उन्हाळ्यातही पृष्ठभागावर भरपूर नायट्रेट शिल्लक राहते, ते प्रामुख्याने लोहाच्या टंचाईमुळे. तुमच्या मॉडेलमध्ये लोह नाही. तो स्वतंत्र घटक म्हणून घेणे जड जात असेल, तर निदान ऋतूनुसार बदलणारी लोहमर्यादा बाहेरून द्यावी.

वाढ पुरेशी आहे की नाही हे ठरवण्यासाठी हरितद्रव्यापेक्षा नायट्रेट हा कितीतरी भरवशाचा साक्षीदार आहे. समजा, हिवाळ्यात वरच्या 100 मीटरमध्ये नायट्रेट दर घनमीटरला 30 मिलिमोल होते आणि उन्हाळ्याच्या शेवटी 25 झाले. दर चौरस मीटरमागे 500 मिलिमोल नायट्रोजन वापरला गेला. रेडफिल्ड यांच्या कार्बन 106 ला नायट्रोजन 16 या प्रमाणाने हे सुमारे 3.3 मोल, म्हणजे 40 ग्रॅम कार्बन होते. त्या वेळी पाण्यात दर घनमीटरला 100 मिलिग्रॅम कणरूप कार्बन असेल, तर 100 मीटरच्या स्तंभात फक्त 10 ग्रॅम उभा आहे. उरलेला 30 ग्रॅम एकतर खाली गेला, विरघळलेल्या रूपात गेला किंवा मोठ्या प्राण्यांच्या शरीरात गेला. तुमच्या मॉडेलमध्ये नायट्रेटची घट प्रत्यक्षाएवढी असेल आणि कार्बन मात्र कमी असेल, तर वाढ बरोबर आहे आणि चूक नाश किंवा निर्गमनात आहे. दोन्ही कमी असतील, तरच वाढीकडे पाहावे. या प्रमाणाला मर्यादा आहेत, हे मान्य. रॉस समुद्रात फिओसिस्टिस अंटार्क्टिका ही शैवालाची प्रजाती डायटमपेक्षा (सिलिकाचे कवच असलेल्या शैवालापेक्षा) दर अणू फॉस्फरसमागे कितीतरी जास्त नायट्रोजन आणि कार्बन बांधते. तरीही पहिल्या तपासणीसाठी हा हिशेब पुरेसा आहे.

आता 500 मीटरवरच्या लाटेबद्दल. बहर आणि सापळ्यातली लाट यांत तीन आठवड्यांचे अंतर असेल, तर कण दिवसाला किमान 20-25 मीटर वेगाने बुडालेले असले पाहिजेत. एकच मृत घटक आणि दिवसाला 5 मीटरचा वेग असेल, तर 100 मीटरवरून निघालेला कण 500 मीटरवर पोहोचायला 80 दिवस लागतात. दिवसाला 2.5 टक्के कुजण्याचा दर धरला तर वाटेत त्यातला 86 टक्के कार्बन संपतो. त्याच दराने कुजणारा, पण दिवसाला 50 मीटर बुडणारा कण आठ दिवसांत पोहोचतो आणि 82 टक्के शिल्लक राहतो. यावरून सगळ्या कणांचा वेग वाढवावा असे वाटेल, पण तसे केले की पृष्ठभागावरचा साठा रिकामा होतो आणि तुमची पहिली तक्रार आणखी वाढते. उपाय आहे तो लहान आणि मोठे असे कणांचे दोन वर्ग ठेवण्याचा. पिस्सेससारख्या प्रचलित मॉडेलमध्ये हीच रचना आहे. लहान वर्ग पृष्ठभागाजवळचा साठा सांभाळतो आणि मोठा वर्ग खोलवरचा प्रवाह.

उष्ण समुद्रासाठी ठरवलेले वेग आणि दर इथे आणताना तापमान फक्त कुजण्यावर लावतात आणि पाण्याची श्यानता (दाटपणामुळे हालचालीला होणारा विरोध) विसरतात, हे मी वारंवार पाहिले आहे. 20 अंशांवरून 0 अंशावर आले की समुद्राच्या पाण्याची श्यानता सुमारे पावणेदोन पट होते आणि स्टोक्सच्या नियमाने लहान कणांचा वेग त्याच प्रमाणात घटतो. 20 अंशांना दिवसाला 10 मीटर बुडणारा आणि दिवसाला 10 टक्के कुजणारा कण सरासरी 100 मीटर खोल जातो. दर 10 अंशांना कुजणे निम्मे होते असे धरले, तर 0 अंशाला हे अंतर 400 मीटर होईल असे वाटते. श्यानता धरली तर ते 230 मीटरच होते. मार्टिन आणि सहकाऱ्यांचे 1987 चे सूत्र, ज्यात 100 मीटरवरचा सुमारे 14 टक्के प्रवाह 1000 मीटरपर्यंत उरतो, ते ईशान्य प्रशांतातल्या मोजमापांवरचे आहे. खोलीबरोबर प्रवाह किती झपाट्याने घटतो हे ठरवणारा त्याचा 0.858 हा घातांक ध्रुवीय पाण्यात तसाच लावण्याला माझी पसंती नाही.

मोठे कण कशाने बनतात हे मात्र कोणत्या प्रजाती बहरल्या यावर ठरते. पोलारश्टर्न या जर्मन संशोधन जहाजावरून झालेले दोन लोहप्रयोग, म्हणजे समुद्रात मुद्दाम लोह मिसळून केलेले प्रयोग, या बाबतीत बोलके आहेत. 2004 च्या आयफेक्समध्ये डायटमांचा बहर आला, पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले आणि बहराचा निदान निम्मा कार्बन 1000 मीटरच्या खाली गेला. 2009 मध्ये भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या लोहाफेक्समध्ये पाण्यात सिलिकेट फारच कमी होते. डायटम वाढले नाहीत, वाढल्या त्या इतर लहान पेशी, ज्यांना कोपेपॉड या छोट्या प्राणिप्लवकांनी खाल्ले, आणि खोलवर फारसे काही गेले नाही. लोह दोन्हीकडे मिळाले, महासागर तोच, तरीही परिणाम पूर्ण वेगळा. त्यामुळे तुमच्या ठिकाणी सिलिकेट आणि डायटम हा स्वतंत्र घटक घेतल्याशिवाय खोलवरची लाट योग्य कारणाने मिळणार नाही. डायटमांतही भेद आहे. जाड कवचाची फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्ग्युलेन्सिस मुख्यतः सिलिका खाली नेते, तर कीटोसेरोसचे काही प्रकार पुंजके करून कार्बन नेतात. पुंजके होण्याचा दर पेशींच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवा, म्हणजे बहराचा शिखरकाळ आला की तो आपोआप वेग घेईल. क्रिल या कोळंबीसारख्या प्राण्याच्या विष्ठेच्या गोळ्या दिवसाला शेकडो मीटर बुडू शकतात, पण क्रिलचे थवे एकमितीय मॉडेलमध्ये आणणे अवघड आहे आणि मी सध्या ते टाळेन.

संगणनाबद्दल एक सावधगिरी. वरचे थर 1 मीटर जाडीचे, टाइम-स्टेप एक तास आणि वेग दिवसाला 50 मीटर असेल, तर कण एका पायरीत 2 मीटरहून जास्त सरकतो, म्हणजे दोन अख्खे थर ओलांडतो. साधी पद्धत तिथे अस्थिर होते आणि ऋण मूल्ये येतात. माझ्या एका जुन्या मॉडेलमध्ये अशी ऋण मूल्ये कोड गुपचूप शून्यावर आणत होता. दर पायरीला थोडा कार्बन शून्यातून निर्माण होत होता आणि दहा वर्षांच्या संगणनानंतर एकूण नायट्रोजन वाढलेला दिसला तेव्हा कुठे ते लक्षात आले. तोवर कणांचा प्रवाह निरीक्षणांशी छान जुळतो म्हणून आम्ही समाधानी होतो. बुडण्याची क्रिया छोट्या उपपायऱ्यांत किंवा अव्यक्त (इंप्लिसिट) पद्धतीने सोडवा आणि दर पायरीला एकूण नायट्रोजनची बेरीज छापून पाहा.

हेच मॉडेल पुढे आर्क्टिकमध्ये नेण्याचा विचार असेल, तर तिथले प्रश्न वेगळे आहेत. लेना, ओब, येनिसेई आणि मॅकेन्झी या नद्या रंगीत विरघळलेले पदार्थ आणतात. ते निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे उपग्रह तिथे हरितद्रव्य जास्त दाखवतो. उन्हाळ्यात तिथे नायट्रेट संपते आणि हरितद्रव्याचा कमाल थर उपग्रहाला न दिसणाऱ्या खोलीवर जातो. उथळ भागात तळाचा गाळही कणरूप कार्बनमध्ये मिसळतो. बर्फाच्या तळाशी वाढणारे शैवाल वेगळे धरावेच लागते. 2012 मध्ये मध्य आर्क्टिकमध्ये मेलोसिरा आर्क्टिकाचे पुंजके 4000 मीटरहून खोल समुद्रतळावर सापडले होते, आणि लहान कणांच्या वेगाने ते तिथे पोहोचणे शक्य नाही.

शेवटी तुलनेची पद्धत. उपग्रहाला ढग, बर्फ आणि क्षितिजालगतचा सूर्य या तिन्ही स्थितींत काही दिसत नाही. म्हणून मॉडेलची मासिक सरासरी फक्त त्याच दिवसांची काढा ज्या दिवसांचे उपग्रहाचे मोजमाप आहे. बर्फाखालच्या काळासाठी सोकॉम प्रकल्पाचे तरंगक, म्हणजे पाण्यात आपोआप वर-खाली जाऊन मोजमापे घेणारी उपकरणे, उपयोगी पडतात. 2014 पासून सोडलेले हे तरंगक वरचे पाणी गोठणबिंदूजवळ आढळले की पृष्ठभागावर न येता परत फिरतात, मोजमाप साठवून ठेवतात आणि मोकळे पाणी मिळाल्यावर पाठवतात. त्यांच्यावरच्या प्रकाश-विकिरणाच्या मापनातून कणरूप कार्बन काढतात, आणि नायट्रेटही मिळते.

तेव्हा क्रम असा ठेवा की आधी कार्बनची बेरीज आणि कोऱ्या गाळणीची चौकशी, मग बर्फाच्या वर्गांनुसार प्रकाश, मग हरितद्रव्याचे वेगळे समीकरण, आणि त्यानंतर वाढीचा दर मूळ जागी नेऊन नायट्रेटची घट तपासणे. ती जुळल्यावर कणांचे दोन वर्ग आणि डायटम घाला. प्रत्येक बदल एकेकटा करून त्याचे संगणन वेगळे जपून ठेवा, म्हणजे कशाने काय बदलले ते सांगता येईल. एवढे करूनही 500 मीटरवरची लाट उशिराच आली, तर मोठ्या कणांचा वेग दिवसाला 30 ते 100 मीटरच्या दरम्यान फिरवून पाहा, आणि तो निवडताना लाटेच्या उंचीपेक्षा तिच्या येण्याच्या तारखेवर भर द्या, कारण सापळा किती कण पकडतो यात मोठी अनिश्चितता असते, पण कण कोणत्या आठवड्यात आले हे तो बऱ्यापैकी अचूक सांगतो.